येळवशीचा स्लॅब

बिदर, जानेवारी १९८९

तीर्थस्वरूप बंडोपंतमामांच्या पायांवर नरसिंहाचं डोकं. तुमचा खोकला, मामींचे गुडघे आणि करजगीच्या शेतातली तूर, तिघांचीही खुशाली कळवावी. इकडं सगळं ठीक आहे असं लिहिणार होतो, पण मला बसलेला धक्का अजून उतरलेला नाही.

इथल्या, बिदरजवळच्या कोळारच्या गोदामाचा स्लॅब ठरल्या दिवशी टाकून दाखव, मग वृंदेचं बोलू, असं तुम्ही म्हणाला होता. (भाच्याला मुलगी द्यायला सिमेंट-खडीची अट घालणारे आपल्या घराण्यात तुम्ही पहिलेच.) मी धसकाच घेतला आणि कॉम्प्युटर आणला. कुठलं काम कशाच्या आधी, माणसं किती, खर्च किती, हे त्याच्या पोटात घातलं की कोणतं काम कुठल्या दिवशी ते तो छापून देतो. चालवायला निलम्मा ठेवली, आमच्या मुकादमाची, म्हणजे ईरण्णाची, पुतणी. (तिनं पहिल्याच दिवशी मला चपला बाहेर काढायला लावल्या. मशीनला धूळ चालत नाही म्हणे, बांधकामवाल्याच्या हापिसात!) सुट्ट्या म्हणून रविवार घातले, सव्वीस जानेवारी घातली, मोहरम आणि बसवजयंतीसुद्धा घातली. स्लॅबला शनिवार आला. तुम्हाला आमंत्रण धाडलं, तुमचंही 'येतो' म्हणून उत्तर आलं.

शनिवारी सकाळी मिक्सर उभा, खडी-वाळू तयार, नारळ-पेढे तयार आणि माणूस एक नाही! मला वाटलं, संप. गावात धावलो तर दुकानं बंद, गल्ल्या ओस, गोदामाचे मालक शिवशंकरप्पा यांच्या घराला कुलूप. मामा, खरं सांगतो, पटकी आली की काय अशी शंका आली. मोटरसायकल काढली आणि थेट ईरण्णाचं गाव, दुबलगुंडी, गाठलं. तिथं शिवशंकरप्पांच्याच शेतात, कडब्याच्या कोपीपुढं आमची अख्खी गँग पंगतीला बसलेली! मधोमध खुद्द मालक पालेभाज्या-डाळींची भज्जी ओरपतायत, आणि निलम्मा आंबील वाढतेय.

ईरण्णा माझ्याकडं भूत बघावं तसा बघायला लागला. "येळवशीला काम? सायेब, तुमी कुठले वो?" मी! जन्मल्यापासून दर मार्गशीर्ष अवसेला, येळवशीला, सगळ्या गावाबरोबर शेतात पूजा करून भज्जी खाल्लेला मी! निलम्माला विचारलं, अगं, तारीख तूच छापलीस ना, मग बोलली का नाहीस? तर म्हणते, "कामून सांगू? येळवस काय सांगायची गोष्ट हाय व्हय? दिवस उगवतोय, ते बी सांगू काय?" मी रागवायला तोंड उघडलं तेवढ्यात कुणीतरी हातात आंबिलीचा तांब्या दिला. आंबील पोटात गेल्यावर माणसाचं काय होतं हे तुम्ही जाणताच. कोपीच्या सावलीत झोपलो तो ऊन उतरल्यावर उठलो.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मशीननं सुट्टी दिलेल्या रविवारी, सगळे न बोलावता आले आणि स्लॅब झक्क पडला. मिक्सरचं एक दिवसाचं जादा भाडं मशीननं माझ्याच नावावर टाकलं. तेव्हा एका दिवसाची चूक पोटात घालावी. (तुम्हीही शनिवारी आला नाहीतच. करजगीला भज्जी कशी झाली होती?)

तुमचा,
नरसिंह

ता. क. स्लॅब झाला म्हणून हुरूप येऊन माझं नि वृंदेचं लग्नही मशीनमध्ये घातलं. मांडव, आचारी, वाजंत्री, सगळं. कागद निघाला. निलम्मानं तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "सायेब, पोरीला इचारायचं काम ह्यात कुठंच न्हाई की."

पुन्हा ता. क. मामा, खरंच की! तुम्ही, मामी, आई, मी, चौघांनी सगळं ठरवलं आणि वृंदेला कुणी विचारलंच नाही. खरं तर हे पत्र त्यासाठीच. तेवढं तिला विचारा. हो म्हणाली तर येळवशीचा मजकूर तिला वाचून दाखवू नका. नाही म्हणाली तर मात्र जरूर दाखवा. निदान हसेल तरी.