देवसिंगकाकांच्या विहिरीतला दगड

४ मे
संपलं! फूल संपलं. साडेसहा कोटी वर्षं दगडात टिकलं, अन् मी एका सकाळीत घासून टाकलं. दगड घासायचा, ॲसिड लावायचं, वरचा पापुद्रा सोलून काचेवर घ्यायचा — दर वेळी फुलाचा एक थर जातो, हे काय मला माहीत नव्हतं? पुढच्या थरात पुंकेसर नीट दिसतील म्हणून आणखी घासलं. पुढे थरच नव्हता.

५ मे
गाईड मॅडम रागावल्या नाहीत, तेच वाईट. "रंजिता, अर्ध्या फुलाला नाव देता येत नाही. दुसरं आण." अख्खी पीएचडी त्या एका फुलावर! कुठून आणू?

९ मे
मारेगाववरून घरी, आमच्या तांड्यावर आले. फुलाचा तो दगड शेजारच्या देवसिंगकाकांच्या धुऱ्यावरचा, वावरातून वेचून बांधाला टाकलेल्या ढिगातला. जाऊन बघते तर ढीगच गायब!

"विहीर बांधली नं माय त्याची," काका म्हणाले.

त्या काळी लाव्हाच्या दोन थरांच्या मधे इथं तळं होतं. त्याच्या गाळाचा दगड झाला. तो आता विहिरीत! हसू की रडू?

१० मे
पाणी आटलंय, विहिरीत उतरले. अगदी खालच्या थरात करडा दगड, त्यावर गोल ठसा. फळ असेल. फूलसुद्धा असेल! काकांचे पाय धरले मी, खरंच धरले. विहीर बांधणारा मिस्त्री नाहीच म्हणत होता — "बुडाचा हाये तो, काढू नोका."

काका म्हणाले, "पोरगी रडून राह्यली, दिसत नाही का तुले? एका दगडानं काय होते?" स्वतः पहारीनं काढला. त्या जागी दुसरा ठोकून बसवला.

१६ मे
लॅबमधलं कापायचं मशीन बंद. जेवण जात नाही.

२ जून
कापला. आत मुळं. तळ्यातल्या गवताची कुजकी मुळं, बस! गोल ठसा म्हणजे गाळातला बुडबुडा. येड्यासारखी कापतच गेले, पार चिपा होईपर्यंत. काही नाही. काहीच नाही!! आता मॅडमना काय तोंड दाखवू?

२१ जून
देवसिंगकाकांच्या घरून लालीकाकींचा फोन. कालच्या पाण्यानं विहीर खचली. बुडापासून. काका सकाळपासून काठावर बसून आहेत.

"जाऊ दे, कोणाले लागलं नाही," काकी म्हणाल्या. मग हळूच, "तुह्या दगडात फूल निघालं नं, बाई?"

मी हो म्हटलं.