जुन्या मोटारींचा सत्कार आणि समाजमंदिराचे कुलूप

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय, अहिल्यानगर

अर्जदार : रंगनाथ भिवाजी तोरडमल, वय ७२ वर्षे, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, मौजे ढवळखडी, ता. कर्जत

विषय : ढवळखडी येथील समाजमंदिराचे कुलूप बुधवार दि. १९ नोव्हेंबरच्या सकाळपूर्वी उघडून मिळणेबाबत.

संदर्भ : ग्रामपंचायत ढवळखडी यांची नोटीस दि. १३/११/२०२५

महोदय,

छत्तीस वर्षे मी पहिली ते चौथीची मुले शिकवली. समोरच्याला कळेपर्यंत तीच गोष्ट न चिडता पुन्हा सांगण्याची सवय मला त्यामुळे आहे. खालील हकीकत मी ग्रामपंचायतीला तीन वेळा सांगितली. पहिलीतल्या मुलांना दुसऱ्या खेपेस कळते. म्हणून आता आपल्याकडे आलो आहे.

१) गावातील चौदा मुलांचे आईवडील दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. मुले आजीआजोबांजवळ राहतात आणि दिवसा शाळेत जातात. शाळा सुटल्यापासून दिवस मावळेपर्यंत मी त्यांना समाजमंदिराच्या खोलीत बसवतो व अभ्यास घेतो. नऊ वर्षे हे चालू आहे. म्हाताऱ्या माणसांना त्या वेळी रानातून यायचे असते. पोरे गुरुजींपाशी आहेत, या भरवशावर ती मुलांना ठेवून घेतात. हा भरवसा एका खोलीवर उभा आहे आणि त्या खोलीला शुक्रवारपासून कुलूप आहे.

२) कुलूप का लागले ते सांगण्यासाठी मला मोटारींकडे यावे लागते. दि. ११ रोजी आमच्या हमरस्त्यावरून एक शर्यत गेली. नव्वद-शंभर वर्षांपूर्वीच्या तेहतीस मोटारी मोरोक्को देशातून निघून, युरोप ओलांडून, जहाजाने मुंबईला उतरून चेन्नईकडे चालल्या होत्या. तेथून पुन्हा जहाज, आणि शेवट सिंगापूरला. तीन खंडांचा हा प्रवास माणसाच्या व यंत्राच्या सहनशक्तीची परीक्षा असल्याचे त्यांच्या पत्रकात छापले होते. प्रत्येक पाच मोटारींमागे मेकॅनिक, सुटे भाग आणि बर्फाच्या पेट्या भरलेला एक ट्रक होता. ज्यांच्या घरी चांगली गाडी आहे त्यांनी हौसेने वाईट गाडी चालवायची आणि त्याला सहनशक्ती म्हणायचे, हे मला या वयात नव्याने शिकायला मिळाले. तरीही त्या लोकांवर माझा राग नाही. त्यांनी आमच्याकडे काहीच मागितले नव्हते.

३) या शर्यतीत वेगाला महत्त्व नसते. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या मिनिटाला पोचायचे आणि टेबलावरच्या माणसाकडून कार्डावर शिक्का घ्यायचा. एक मिनिट उशीर झाला की एक गुण गेला. असे एक टेबल समाजमंदिरासमोर होते. हा नियम मी पत्रकात वाचून ग्रामपंचायत अधिकारी श्री. वाल्मिक भाऊसाहेब यांना आदल्या दिवशी समजावला. सत्कार करायचाच असेल तर मांडव टेबलाच्या पुढे घाला, म्हणजे शिक्का झाल्यावर पाहुणे निवांत थांबतील, असे सुचवले. त्यांचे उत्तर जसेच्या तसे देतो : “गुरुजी, पावना वेशीत शिरताना सत्कार अस्तो, गाव सोडून चालल्यावर न्हाई. तुमी पोरं शिकवा, मोटारी आमी बघतो.” मांडव टेबलाच्या पन्नास पावले अलीकडे घातला गेला.

४) त्यानंतर प्रत्येक मोटार मांडवात अडवून टॉवेल, टोपी, नारळ, चहा आणि भाषण हा कार्यक्रम झाला. पाहुणे हाताने घड्याळ दाखवत होते. घड्याळ आवडले का असे विचारत आहेत, असा सरपंचांनी अर्थ लावला आणि छान आहे म्हणून मान हलवली. हिरव्या रंगाच्या सात नंबरच्या मोटारीची पूजा करताना जवळ दगड सापडेना, म्हणून त्यांनी नारळ तिच्या चकचकीत बंपरवर फोडला. बंपरला पोचा आला. इंजिन चालूच असल्याने पाणी उकळले आणि मोटार तेथेच बसली. “शंभर वर्सांची म्हातारी हाय, दमली आसंल,” असे कोणी म्हणाले. तिला शंभर वर्षांत कोणी दमवले नव्हते. ते काम आमच्या स्वागत समितीने पाऊण तासाच्या आत केले.

५) मुलांना आरतीचे तबक घेऊन उभे करण्याचा लेखी हुकूम होता. मी त्यांना तबकाऐवजी वही दिली. आमच्याकडे त्या आठवड्यात वेळेची वजाबाकी चालू होती. मोटार मांडवात कधी आली, कधी सुटली, आणि किती वेळ गेला, एवढे मांडायचे. चौथीतली ज्ञानेश्वरी हिने तेहतीसही मोटारींची गणिते केली. सात नंबरची मोटार १० वाजून ५२ मिनिटांनी आली व ११ वाजून ३३ मिनिटांनी सुटली. तेहतीसातून बावन्न जात नाहीत, म्हणून एक तास मोडून साठ मिनिटे घ्यायची. ज्ञानेश्वरीने ती घेतली आणि उत्तर एकेचाळीस लिहिले. त्या मोटारीत नवरा चालवत होता आणि सत्तरी ओलांडलेल्या बाई मांडीवर दोन घड्याळे व नकाशा घेऊन वाट सांगत होत्या. त्यांनी वही पाहिली, आपल्या घड्याळाशी ताडली, उत्तरावर बरोबरची खूण केली आणि मांडवात एकेचाळीस मिनिटे अडवले गेल्याचे खाली इंग्रजीत लिहून सही केली. त्या दिवशी आमच्या गावात एवढे एकच काम धड झाले.

६) शर्यतवाल्यांनी विनाकारण अडवणूक व बंपरचे नुकसान अशी तक्रार, मोटार आल्या-सुटल्याच्या वेळांसह, पाठवली. कोणावर तरी ढकलणे आले. हुकमात मुलांची नावे आयती होती. दि. १३ ची नोटीस म्हणते की “अभ्यासिकेतील मुलांनी रस्त्यावर गर्दी केल्याने सात क्रमांकाचे वाहन ८१ मिनिटे खोळंबले.” हे एक्याऐंशी कोठून आले, ते शोधायला मला वेळ लागला नाही. अधिकाऱ्यांनी ११३३ मधून १०५२ वजा केले आहेत, म्हणजे तास मोडून साठाऐवजी शंभर मिनिटे घेतली आहेत. ही चूक तिसरीत होते आणि मी ती एका आठवड्यात सोडवतो. त्यांनी सही करण्यापूर्वी कोणत्याही मुलाला विचारायला हवे होते.

७) नोटिशीत पुढे असे की, संबंधित वाहनचालकांचा लेखी जबाब मिळेपर्यंत समाजमंदिर बंद राहील. मोटारी आता चेन्नईला जहाजावर चढत आहेत. मी भाऊसाहेबांना सांगितले की जबाब झालेला आहे, सहीसुद्धा आहे, अभ्यासिकेच्या वह्या खोलीतच असतात, ज्ञानेश्वरीची वही त्यांत आहे, कुलूप काढा आणि बघा. ते म्हणाले, “जबाब मिळाल्याबिगर कुलूप काढता येत न्हाई, गुरुजी. नोटिशीत तसंच लिवलंय.” मी म्हणालो, नोटीस तुम्हीच लिहिली आहे. ते म्हणाले, “म्हनून तर मोडता येत न्हाई.” महोदय, मी पुष्कळ मंद मुले पाहिली आहेत आणि त्यांच्यावर माया केली आहे. त्यांपैकी एकाने तरी स्वतःला कोंडून घेऊन किल्ली बाहेर फेकली असेल, असे मला आठवत नाही.

८) ज्ञानेश्वरीची आजी लंकाबाई काल माझ्याकडे आली. तिचे म्हणणे असे : “गुरुजी, मी खुरपायला जाते ती दिवस बुडता येते. साळा सुटल्यावर पोरगी कुठं बसंल? रस्ता ह्यो असा. बुधवारी टोळी जाती, आईबापासंगं जाऊ द्या तिला. वर्स गेलं तर गेलं.” माझे घर दहा बाय दहाचे आहे, अंगणात मुले बसवली तर ट्रकांच्या आवाजात पाढेही ऐकू येत नाहीत. ज्ञानेश्वरी गेली तर तिच्यामागे आणखी पाचजण जातील. तसे त्यांच्या घरच्यांनी मला सांगितले आहे. उसाच्या फडात गेलेले मूल मार्चमध्ये परत येते तेव्हा वर्गात बसत नाही, वर्गाच्या दारात उभे राहते. तेथून त्याला आत आणायला मला दोन वर्षे लागतात. एवढी वर्षे माझ्याजवळ आता आहेत की नाहीत, ते मला माहीत नाही.

९) सबब विनंती की, बुधवारपूर्वी कुलूप उघडण्याचा आदेश द्यावा. वही लगेच आपल्यापुढे हजर करतो.

१०) कामाच्या व्यापात आदेश तोपर्यंत निघणे शक्य नसेल, तर माझी दुसरी, लहान विनंती आहे. टोळीचा ट्रॅक्टर बुधवारी सकाळी सात वाजता समाजमंदिरासमोर थांबतो. दोन ट्रॉल्या, अठ्ठावीस माणसे, अंतर तीनशे किलोमीटर, मागे मेकॅनिकचा ट्रक नाही. सहनशक्तीच्या या परीक्षेतील स्पर्धकांचाही गावाने सत्कार करावा, असा आदेश ग्रामपंचायतीस द्यावा. प्रत्येकाला टॉवेल, टोपी, नारळ, चहा आणि सरपंचांचे भाषण. चालते वाहन जागच्या जागी बसवण्याचा ग्रामपंचायतीला ताजा अनुभव आहे. तेवढ्यात आपला आदेश पोचेल.

उरलेले टॉवेल त्याच खोलीत आहेत. ते काढण्यासाठी कुलूप उघडावे लागेल. पुढचे मी आणि ज्ञानेश्वरी पाहून घेऊ.

आपला नम्र, बुधवारपर्यंत वाट पाहणारा,

(सही)
रंगनाथ भिवाजी तोरडमल
ढवळखडी, दि. १५/११/२०२५

सोबत :
१. मुलांना तबक घेऊन उभे करण्याबाबत ग्रामपंचायतीचा हुकूम, प्रत.
२. कुलूप लावल्याची नोटीस, प्रत. वजाबाकी लाल शाईने दुरुस्त केली आहे.
३. ज्ञानेश्वरीची वही. खोलीत आहे.