थांबण्याची खूण

गोंदर,
हिदार महिन्याची बारा तारीख, मिकाएल देवदूताचा सण

चिरंजीव वोयनितू हीस,

तुझ्या आईच्या माघारी या घरातून तुला जाणारा प्रत्येक आशीर्वाद मी दोघांच्या वतीने लिहितो, तो स्वीकारावास.

यंदा तेफ धान्याचे पीक बरे आले. देस्ताआत्या गुडघ्यांना नावे ठेवीत रोज टेकडी चढते. आज चर्चमधील गायन पार पडले. शिष्यच गायले, मुख्य गायक असून मी बसून होतो. थकवा आहे, दुसरे काही नाही, असे सर्वांना सांगितले.

मस्कलच्या सणाला तू आली होतीस, तेव्हा कॉफी पिताना प्रयोगशाळेतले आपले काम समजावलेस.

"केसाच्या मुळाशी काही पेशी झोपून असतात, बाबा. शेजारच्या पेशींनी हाक दिली की उठतात, केस वाढवतात. थांबा म्हटलं की परत झोपतात."

"म्हणजे तुझ्या बापासारख्याच," देस्ता म्हणाली. "हाक मारल्याशिवाय हा कधी उठलाय?"

मी विचारले, "आणि थांबण्याची खूण पोहोचलीच नाही तर?"

"मग वाढतच राहतात. त्यातूनच कॅन्सरची गाठ होते."

मी म्हणालो, गाणे थांबवायला मुख्य गायकाची काठी खाली आली तरी गातच राहणाऱ्या गायकासारखे. तू हसलीस आणि ते वहीत टिपून घेतलेस. परवाच्या पत्रात मात्र विचारलेस, "घरात बसतानाही फेटा का काढला नाहीत?" त्याला मी स्तोत्रांच्या अर्थाविषयी दोन पाने लिहून उत्तर दिले.

मुली, थांबण्याच्या खुणेविषयीचा माझा तो प्रश्न जिज्ञासेचा नव्हता. उजव्या कानाच्या वर, फेट्याखाली, ईस्टरपासून एक फोड आहे. सुकतो, पुन्हा रक्त येते. देस्ताच्या दृष्टीस पडू नये म्हणून फेटा मीच धुतो. सात सकाळी तीर्थजलाने डोके धुतले. श्रद्धेत उणेपणा ठेवला नाही. परंतु ईश्वराने आपला एकेक केस मोजला आहे असे जन्मभर शिकवणाऱ्या माणसाने, केसांचाच अभ्यास करणाऱ्या लेकीपासून आपले डोके लपवले.

शुक्रवारच्या बसने तुझ्याकडे अदिस अबाबाला येतो. तुझा विश्वास असेल त्या डॉक्टरांकडे ने. कापायचे म्हणाले तर कापू देईन. थकलो आहे हे खरे. पण थांबण्याची खूण मला अजून झालेली नाही. झाली असे मीच ठरवून बसलो होतो.

स्थानकावर फेट्यावाचून असलेल्या म्हाताऱ्याला ओळखशील ना?

उघड्या डोक्याने येणारा,
तुझा पिता झेलेके