उणे तीन

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी आज तुमच्यावर चिडलो आहे.

सोमवारी गणिताचा पेपर आहे. दहावीचे बाकीचे विषय बाहेरून बसून सुटले, एवढा एकच राहिला. धान गिरणीचे मालक म्हणतात, पास झालास तर वजनकाट्यावर बसवू, नाहीतर पोती आहेतच. माझी पाठ आताच दुखते.

काल शिकवणीत मॅडमनी फळ्यावर गणित दिलं: x⁴ − 5x² − 36 = 0. तुम्ही शिकवलं तसंच मी x² = m मानलं. वर्गसमीकरण झालं, अवयव पडले, m = 9 किंवा m = −4. उणे चार खोडला. मग x² = 9, म्हणून x तीन किंवा उणे तीन. उणे तीनही खोडला आणि सुबक अक्षरात उत्तर लिहिलं, तीन.

मॅडम वही बघून म्हणाल्या, "भाऊ, पहिला उणे खोडला ते बरोबर. हा दुसरा काऊन खोडला?"

"लांबी उणे नसते, मॅडम."

"कोणाची लांबी? इथी लांबी हाये कुठी?"

मागची पोरं हसली. माझे कान तापले.

लांबी तुमची होती, सर. कुरखेड्याला रोवणा, म्हणजे धानाची लावणी, संपल्यावर तुम्ही आम्हाला शाळेमागच्या धानाच्या बांधीवर न्यायचे आणि तिच्या कडेच्या धुऱ्यावर बसून गणित घालायचे. एकदा बांधीची लांबी काढायची होती; मी उत्तरात उणे आठ ठेवला, तर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाले, "उणे आठ मीटरची बांधी कुठी पाह्यली बे? तुह्या बापानं आखली का? फेक तिले." मी फेकली, आणि त्या दिवसापासून दिसेल तो उणे फेकत आलो. बांधी नसेल तेव्हा काय करायचं, ते तुम्ही सांगितलंच नाही. की सांगायचं होतं आणि त्याआधीच गेलात? ही काय पद्धत झाली, सर, अर्धं शिकवून निघून जायची? त्याच वर्षी मी गणितात नापास झालो आणि शाळा सुटली.

मॅडमनी समजावलं. वास्तव संख्येचा वर्ग उणे येत नाही, म्हणून m चा उणे चार जातो. x ला मात्र उणे असायला कोणाची हरकत नाही. मी हो हो म्हणालो, पण पटलं नव्हतं. आज गिरणीत जेवणाच्या सुट्टीत पोत्यावर बसून ताळा पाहिला. उणे तीनचा वर्ग नऊ, नऊचा एक्याऐंशी. त्यातून पंचेचाळीस गेले, छत्तीस गेले. शून्य. पुन्हा करून पाहिलं, शून्यच. मॅडमचं बरोबर आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगतो. उत्तर आता समजलं आहे. पण मघाशी वहीत उणे तीनवर मारलेली काट खोडताना माझा हात थांबला. तुम्ही सांगितलेलं आपण खोडतोय, असं वाटलं. ती काट अजून खोडलेली नाही.