नाथाजींनी दार वाजवलं

उंब्रज,
८ डिसेंबर १९६४

चि. हंबीरराव यास आक्काताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र आणि तुझ्या दिवाणजींबरोबर, नाथाजींबरोबर, पाठवलेलं पातळ पोचलं. माझे गुडघे तसेच आहेत. जीभही तशीच आहे. तुझी लेक बनू माझ्याकडे सुखरूप आहे, पोटभर जेवते आणि नाटकात काम करते. करणार आहे.

"मराठ्याच्या पोरीनं फळीवर उभं राहायचं?" असं तू विचारतोस. गावच्या जत्रेला मिरजेहून नटी आणता, तेव्हा पहिल्या रांगेत तूच असतोस. तीही कुणाची तरी पोर असतेच की.

मला पाचगणीच्या कॉन्व्हेंटात घालून आबांचे पैसे वाया गेले, असं तू नेहमी म्हणतोस. गेले खरे. तिथली माझी मैत्रीण मृणाल आता कलकत्त्याला असते. तिनंच हे बंगाली नाटक इंग्रजीत अर्थ लिहून पाठवलं, मी मराठीत आणलं. पूर्व बंगालातून घरदार सोडून आलेलं कुटुंब दुसऱ्याच्या माळावर झोपडी घालतं. मालक म्हणतो, उठा. बाप बोचकी बांधायला लागतो. थोरली लेक दार लावून घेते.

"बंगाल्यांचं रडगाणं इथं कुणाला कळणार?" हेही तुझंच. ओढ्याकाठच्या आपल्या माळावर कोयनेच्या बुडीत गावची माणसं राहतात, त्यांना पहिल्या वाचनात कळलं. आईचं काम करणाऱ्या भामाबाईनं तर मला मधेच थांबवून विचारलं, "आन् देव आणलं का न्हाई त्यांनी संगं?" तिनं स्वतः गाव सोडताना घराचं दार चौकटीसकट बैलगाडीत घालून आणलं. भिंती घालायला अजून जमलेलं नाही. दार उभं आहे. नाटकात तेच वापरतो.

परवा तालमीच्या वेळी नाथाजी पुन्हा आले, बनूला न्यायला. चौकटीच्या दोन्ही बाजूंना मोकळं रान. थोरल्या लेकीचं काम करणारी बनू दारापलीकडे उभी. नाथाजी वळसा घालून जाणार, तोच भामाबाई ओरडली, "आवं दिवाणजी, दार हाय न्हवं? वाजवा की! कुनाच्याबी घरात असं घुसता व्हय?"

आणि हंबीर, त्यांनी वाजवलं. वहाणा काढून, टोपी सारखी करून.

"कोण?" बनूनं आतून विचारलं.

"बनूताई, मी सांगावा घेऊन आलोय. यायचं नसंल तर मालकांस्नी तसं सांगतो."

"नाही यायचं."

मग चहा पिऊन गेले. त्यांच्यावर डाफरू नकोस.

आता पातळाचं. बहीण साडीचोळी घेते, कचेरीत जाते, सही करून माहेरचा हक्क सोडते, ही आपल्याकडची रीत मला ठाऊक आहे. सोमवारी कऱ्हाडच्या कचेरीत ये, हे तू अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंस. म्हणून मीही शेवटापर्यंत थांबले. माझी सही झाली की माळ तुझा, आणि माळ तुझा झाला की माणसं बाहेर, ऊस आत. मी येणार नाही. आबांनी तो माळ तुझ्याइतकाच माझाही ठेवला आहे, आणि माझ्या वाट्यात भामाबाईचं दार उभं आहे.

पातळ परत पाठवत नाही. रुंद काठ, रंगही झकास. मधून फाडून पडदा केला आहे. शनिवारी तो उघडेल. ये. पहिल्या रांगेत तुझ्यासाठी सतरंजी घातली आहे.

तुझी हिस्सेदार बहीण,
आक्काताई