जाखाईचा कौल आणि बर्लिनचा सामना

रत्नागिरी,
बुधवार, ता. १९ ऑगस्ट १९३६

तीर्थस्वरूप मामांच्या पायांशी परशुरामाचा दंडवत. सुनेत्रा आणि चि. कमला यांचाही सांगितला आहे, तो यातच मोजून घ्यावा. आम्ही सर्व इथे ओलसर पण खुशाल आहोत. (पुण्यास राहून ओलसर म्हणजे काय हे तुम्ही विसरला असाल. काल पेटीतून कोट काढला, तर त्याच्या खिशात अळंबी उगवायचीच काय ती बाकी होती.) तुमचा गुडघा आता कसा आहे? जिने चढू नका. मामींनी पाठवलेले मेतकूट उत्तम होते असे सुनेत्रा म्हणते. मला स्वतःला काही सांगता येत नाही, कारण गेल्या आठवड्यात मी काय जेवलो हे मला आठवत नाही. त्याचे कारण पुढे येईलच, आणि ते ऐकून तुम्ही प्रथम रागवाल, मग माझ्यासारखेच थक्क व्हाल, म्हणून विनंती की राग येईल तेथे वाचन थांबवू नये.

आधी कामाचे. तुमची आज्ञा होती की बापटांच्या मोरेश्वराचे स्थळ कमलाला करावे की नाही, याबद्दल गावी जाऊन जाखाईला कौल लावावा. पत्रिका जमली, मुलगा दापोलीच्या शाळेत मास्तर आहे, घर चांगले, पण देवीने उजवा कौल दिल्याशिवाय तुम्ही शब्द देणार नाही. इकडे बापटांनी निरोप धाडला होता की महिनाअखेर उत्तर आले नाही, तर गुहागरचे स्थळ पक्के करू. म्हणजे माझ्या बहिणीचे सगळे भवितव्य त्या कौलावर, आणि कौल माझ्यावर सोपवलेला. मामा, तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात. तुमच्या भाच्यातला भाचा तुम्ही पाहिलात. त्याच्यातला हॉकीवेडा तुम्हाला पाकिटावर पत्ता लिहिताना दिसला नाही, यात तुमचा दोष नाही.

हे वेड मला कसे लागले हे मलाच नीट सांगता येत नाही, कारण मी हॉकीचा सामना जन्मात पाहिलेला नाही. रत्नागिरीत पाहणार कुठे? मी फक्त वाचलेला आहे. अठ्ठावीस साली वाचनालयात बसलो असता वर्तमानपत्रात वाचले की आपली पोरे विलायतेपलीकडे जाऊन सगळ्या जगाला हरवून आली आणि त्यांच्यावर एकसुद्धा गोल झाला नाही. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो आणि पुष्कळ वेळ तसाच उभा होतो. बत्तीस साली अमेरिकेवर चोवीस गोल केल्याचे छापून आले, तेव्हा मी संपादकांना सभ्य शब्दांत कळवले की छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याने एक आकडा जास्त बसवलेला दिसतो. त्यांचे उत्तर आले की आकडा बरोबर आहे. ते उत्तर मी देव्हाऱ्यात ठेवले होते. (सुनेत्रेने काढले. तिथे उदबत्त्यांचा पुडा ठेवायचा असतो म्हणे.) पुढे चेंडू काठीला चिकटून कसा जातो हे सगळ्यांना समजावे म्हणून मी छत्री उलटी धरून न सोललेली सुपारी अंगणातून फिरवून दाखवली. ती शेजारच्या आनंदीबाईंच्या ताकाच्या मडक्यात गेली. मडके फुटले नाही, पण आनंदीबाई तेव्हापासून ताक झाकून ठेवतात आणि आमच्याकडे पाठवत नाहीत.

अशा माणसाला गेल्या महिन्यात कळले की बर्लिनला पोचल्या पोचल्या सरावाच्या सामन्यात जर्मनांनी आपल्याला चार-एकने हरवले. मामा, माझी झोप गेली. पावसाळ्यात बोटी बंद, वर्तमानपत्र कोल्हापूरवरून घाट उतरून मोटारीने येणार, दरड पडली तर तेही नाही. तिकडे काय होऊन गेले आणि आपण इथे काय धरून बसलो आहोत याचा पत्ता नाही. एवढे ठाऊक होते की शेवटचा सामना शुक्रवारी चौदा तारखेस, आणि समोर जर्मनच. त्याच शुक्रवारी माझी शाळा सुटल्यावर मी कमलाला घेऊन गावी गेलो. शपथेवर सांगतो, निघताना मनात फक्त तिचा प्रश्न होता. पण वाट तीन कोसांची, चिखलाची, आणि माणसाचे मन मोकळे सुटलेले. पऱ्याचे पाणी ओलांडताना वाटले, तिकडे आता काय झाले असेल. देवळाच्या पायरीशी आलो तेव्हा हिशेब केला की दिवेलागणीपर्यंत निकाल लागलेला असणार. जगात कुणाला तरी तो ठाऊक झालेला आहे. आणि समोर तर प्रत्यक्ष जाखाई.

धाकू गुरवाने तगरीच्या दोन कळ्या ओल्या करून देवीच्या दोन्ही खांद्यांना लावल्या आणि विचारले, "बोला परशूभाऊ, काय इचारायचां?" मी तोंड उघडले. कमला माझ्या मागे उभी होती. आणि माझ्या तोंडून निघाले, "आपण जिंकलो का?"

धाकू कसलेला गुरव. तो चकित झाला नाही. त्याने फक्त तपशील मागितला. आपली पोरे किती? अकरा. समोरच्यांचा गाव कुठला? मी म्हटले, जर्मनी. "त्येंची गावदेवी कोन?" मी म्हटले, तशी त्यांच्यात नसते. धाकूला खरोखर वाईट वाटले. "आरं द्येवा! मग ती पोरां कोनाच्या जिवावर खेलतात?" एवढे म्हणून त्याने डोळे मिटले आणि गाऱ्हाणे घातले. "आय जाखाय, ह्यो तुजा परशूभाऊ पावसापान्याचा तुज्या पायाजवल आलाय. आपली अकरा पोरां काठ्या घेवन सात समिंदरापल्याड ग्येली हायत. तिकडं परमुलखातली अकराजनां त्येंच्या आडवी आलीत. चेंडूवरना काय तंटा हाय तो तुलाच ठावां. आपली पोरां जितली आसतील तर उजवा दे, हारली आसतील तर डावा दे, पन वाईच ध्येनात घे, त्या बिचाऱ्यांना देवी नाय." देवळात पावसासाठी थांबलेली चारपाच माणसे होती, त्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून असा गजर केला की माझ्या अंगावर काटा आला. बर्लिनच्या मैदानावर आपल्या पोरांसाठी एवढे कुणी ओरडले असेल का, सांगा.

आणि कौल पडेना. उजवी कळी नाही, डावी नाही. धाकूने तीनदा गाऱ्हाणे घातले. समईत तेल दोनदा घातले. देवी दगडासारखी गप्प. (दगडाचीच आहे हे मला माहीत आहे, पण तुम्हाला कळले मी काय म्हणतो ते.) शेवटी धाकू म्हणाला, पंचवीस वर्षांत असे झालेले नाही, आणि माझ्याकडे असे पाहिले की जणू मी देवीपुढे काही भलतेच मांडले. मी घाईघाईने म्हटले, बरे, आता कमलाचे विचारू. तो कानाला हात लावून म्हणाला, "आदीचा सवाल तिच्याम्होरं पडलाय. त्याचा जवाब आल्याबिगर दुसरा नाय लावायचा." तेव्हा मी मागे वळून कमलाला पाहिले. ती देवीला नमस्कार करून पायऱ्या उतरू लागली. घर आल्यावर पाय धुताना म्हणाली, "दादा, माझं विचारायचं राहिलं ना?" मामा, त्या क्षणी मला माझी लाज वाटली. हॉकी, बर्लिन, सगळे जग एकीकडे ठेवून मी ओसरीवर बसून राहिलो. सुनेत्रेने माझ्यापुढे ताट आदळले, आणि त्यात तिचे बरोबरच होते.

पुढचे चार दिवस मी मोटारस्टँडावर काढले. आता मला वर्तमानपत्र हवे होते ते हॉकीसाठी नव्हे, कमलासाठी. निकाल कळला की देवीपुढचा प्रश्न सुटणार होता. (थोडे हॉकीसाठीही. तुमच्याशी खोटे का बोलू?) काल मंगळवारी मोटार आली. मी वर्तमानपत्र तिथेच भिजत उघडले. आणि मामा, आता सावरून बसा. शुक्रवारी सामना झालाच नाही! बर्लिनला पाऊस पडला. मैदान भिजले म्हणून खेळ शनिवारवर गेला. शनिवारी आपण आठ-एकने जिंकलो.

आठ गोलांचा आनंद मला मागाहून झाला; सामना झालाच नाही, या ओळीला मी आधी नुसता गार पडलो. शुक्रवारी संध्याकाळी ही गोष्ट रत्नागिरी जिल्ह्यात कुणालाही ठाऊक नव्हती. मला नाही, कलेक्टरसाहेबांना नाही. आणि तीन कोसांवर, गळक्या कौलांखाली, ती शेंदूर लावलेली जाखाई बसली होती, जिला विचारले की जिंकलो की हरलो, आणि तिने दोन्हीही म्हटले नाही! मी तसाच गावी पळालो. छत्री स्टँडावर राहिली. धाकूला सांगितले तेव्हा तो पान जुळवत होता. म्हणाला, "जां झालांच नाय, त्याचा कौल ती कसा देल?" आणि चुना लावला. मी इतका शिकलेला माणूस, आणि हे त्याने मला शिकवावे! मी देवीपुढे आडवा झालो, आणि उठलो तेव्हा कोटाला पुढून सगळा चिखल होता.

मग निरोप धाडून सुनेत्रा व कमला यांना बोलावून घेतले आणि संध्याकाळी कमलाचा कौल लावला. धाकूचे गाऱ्हाणे संपता संपता उजवी कळी टपकन ताम्हनात पडली. डावी जागची हलली नाही. याहून स्वच्छ कौल त्या देवळात झालेला नाही असे धाकूचे म्हणणे आहे. तरी कृपा करून बापटांना होकाराची तार ताबडतोब करावी, महिनाअखेर जवळ आहे. लहानांस आशीर्वाद, मामींना नमस्कार.

आपला,
परशुराम

ता. क. तुमच्याकडच्या वर्तमानपत्रात त्या अकराजणांचे चित्र आले असल्यास कापून पाठवावे. आमच्या अंकात ते पावसाने विरघळले असून फक्त तीन काठ्या ओळखू येतात.

दुसरा ता. क. मामी, मामा झोपाळ्यावर बसून पत्र तुमच्याकडून वाचून घेतात हे मला ठाऊक आहे. तेव्हा इथे "संपलं बाई एकदाचं" असे म्हणावे आणि पुढचे मनात वाचावे.

काल कळी पडत नव्हती. अर्धी घटका गेली, घटका गेली. धाकू म्हणतो, श्रावणात कळी ओली राहते, दगड सोडत नाही. (हे त्याने शुक्रवारी सांगितले असते तर बरे झाले असते.) त्याने चौथ्यांदा डोळे मिटून गाऱ्हाणे सुरू केले, लोकांनी मिटले, सुनेत्रेने मिटले. माझे उघडेच होते, मिटले की पुन्हा बर्लिनचे मैदान दिसेल अशी मला आता भीती वाटते. गाभाऱ्याच्या दाराशी धाकूची चाफा काढायची आकडीची काठी टेकलेली असते, पुरुष-दीड पुरुष उंच. ती कमलाने उचलली. मामी, मोरेश्वर सुट्टीत आमच्याकडे सामन्यांच्या बातम्या ऐकायला येऊन बसत असे, आणि चहा दर वेळी कमलाच आणत असे, हे मला तेव्हा कुठे आठवले. कुणी तिला एकदाही विचारले नव्हते. मामांनी देवीला विचारायला सांगितले, मी देवीला जर्मनांचे विचारले. आकडीचे टोक धाकूच्या खांद्यावरून, समईच्या ज्योतीला न लागता, थरथरतसुद्धा नाही असे आत गेले आणि उजव्या कळीला एकच टिचकी बसली. डावीला वारासुद्धा लागला नाही. "व्हय म्हाराजा!" संपायच्या आत आकडी भिंतीला टेकलेली आणि कमला हात जोडून उभी. मी आठ वर्षे जे वाचत आलो ते काल डोळ्यांनी पाहिले. मला घाम फुटला होता आणि मी रडत होतो; लोकांना वाटले, भक्तीने.

मामांना यातले काही कळू देऊ नका. कमला म्हणते, रात्री झोपण्यापूर्वी तिने जाखाईची क्षमा मागितली. माझी मागितलेली नाही. उलट मीच तिची मागायला हवी होती, आणि आज सकाळी मागितली.