शर्यतीचा मार्ग अर्जदाराच्या सासुरवाडीवरून न नेण्याबाबत

प्रति,
मा. वसाहत अधिकारी,
रस्ते व परवानगी शाखा,
दुग्ध वसाहत कार्यालय,
गोरेगाव (पूर्व), मुंबई.

अर्जदार : चंद्रप्रकाश सीताराम कुबल, वय ३४ वर्षे ११ महिने, काम टर्नर, राहणार दिंडोशी, मालाड (पूर्व).

विषय : दि. २९ मे १९८८ च्या डोंगरवाट सायकल शर्यतीचा मार्ग अर्जदाराच्या सासुरवाडीवरून न नेण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ६ एप्रिल १९८७ चा याच विषयावरील अर्ज. २) त्यावर स्थानिक रहिवाशांकडून आलेला 'हरकत नाही' हा अभिप्राय (डाव्या अंगठ्याच्या ठशासह).

महोदय,

१. उपनगर हौशी सायकल मंडळ ही संस्था सन १९८३ पासून दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आपल्या वसाहतीतून डोंगरवाट सायकल शर्यत भरवते, हे आपणांस ठाऊक आहेच, कारण परवानगी आपणच देता. अंतर चौदा किलोमीटर. पैकी डांबर तीन किलोमीटर. उरलेल्यात दगड, गवत, ओढा आणि म्हशींनी मागे ठेवलेले जे काही असेल ते. परदेशात अशा वाटांसाठी जाड टायरच्या, गिअरच्या वेगळ्या सायकली मिळतात असे कळते. तसे एक चित्र मंडळाचे चिटणीस श्री. दत्ताराम साळसकर यांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेले असून ते सभासदांना वर्षातून एकदा दाखवण्यात येते. येथील स्पर्धक कामावर जायच्याच सायकलीचे मडगार्ड, स्टँड व कॅरिअर काढून शर्यतीत उतरतात. अर्जदार कॅरिअर काढू शकत नाही. कारण पुढील परिच्छेदात.

२. अर्जदार विवाहित आहे. सरावाबाबत पत्नी सौ. वनमाला हिच्याशी झालेला करार असा, की घरचे एखादे काम केल्याशिवाय सायकल जिन्याखाली उतरणार नाही. त्यामुळे अर्जदाराचा पहाटेचा सराव दुधाच्या बाटल्यांसह, चढाचा सराव दळणाच्या डब्यासह आणि उताराचा सराव कन्या कु. क्षमा हिला दांडीवर बसवून शाळेपर्यंत होतो. पाच वर्षांत अर्जदाराला मागे वजन असण्याची इतकी सवय झाली, की रिकाम्या सायकलीवर त्याचा तोल जातो. म्हणून शर्यतीतही तो कॅरिअरवर दहा किलो गव्हाचा डबा बांधून उतरतो. इतर स्पर्धक यावर "कुबल, परत येताना आमचं पण दळण आण ना यार" असे उद्गार काढतात. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही.

३. तक्रार नवव्या किलोमीटरबद्दल आहे. तेथे खडा चढ संपतो आणि वाट कर्मचारी चाळीच्या शेवटच्या खोलीचा ओटा व पाण्याची टाकी यांच्यामधून जाते. रुंदी एका म्हशीची. सदर खोलीत अर्जदाराचे सासरे श्री. गुणाजी पेडणेकर, म्हशींच्या गोठ्यावरील कामगार, व सासूबाई सौ. रत्नप्रभा राहतात. चढामुळे स्पर्धकाचा वेग तेथे चालणाऱ्या माणसाहून कमी असतो. म्हणजे हाक मारली तर ऐकू येते, आणि ऐकू आली नाही असे म्हणताही येत नाही.

४. आता प्रत्यक्ष घडलेले वर्षवार सादर करतो.

सन १९८३. अर्जदार सातव्या क्रमांकावर होता. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "जावयबापू, दारारसून तशेच कशे जातास? वायच टेका, चाय घेवन जावा." जावयाने सासरच्या दारावरून सायकल न थांबवता जाणे हे कोणत्या नियमात बसते, हे अर्जदाराला त्या क्षणी आठवले नाही. तो उतरला. पाय धुण्यास पाणी आले, पाट आला, चहा आला, चहाबरोबर घावणे आली. अर्जदार पवईकडच्या फाटकाशी पोहोचला तेव्हा चुन्याची शेवटची रेषा पुसली गेली होती आणि पंच टेबलाची घडी करून खांद्यावर घेत होते. वहीत 'शर्यत अपूर्ण' अशी नोंद झाली.

सन १९८४. अर्जदाराने तोंडाला पंचा गुंडाळला. सासूबाईंनी सीटच्या खोळीवरून ओळखले. खोळ वनमालाच्या जुन्या हिरव्या लुगड्याची होती, आणि लुगडे त्यांनीच घेतलेले होते. शर्यत अपूर्ण.

सन १९८५. अर्जदार दहा-बारा जणांच्या घोळक्याच्या मध्यभागी राहिला. सासूबाईंनी सगळा घोळका उतरवला. बोरिवलीचे श्री. विद्याधर चाफेकर, अविवाहित, यांनी उभ्याउभ्या चहा घशात ओतला, "मावशी, मलाही जावईच समजा" असे म्हणाले आणि पहिले आले. तेव्हापासून ते स्वतःहून थांबतात. मंडळाने तर त्या जागेची नकाशावर 'अल्पोपहार केंद्र' अशी नोंद केली आहे. इतरांना चहा उभ्याने चालतो. पाट फक्त अर्जदारालाच आहे. शर्यत अपूर्ण.

सन १९८६. अर्जदाराने हाक यायच्या आत निसटायचे ठरवले आणि चढावर जीव तोडून पायडल मारले. वळणावर सासरे लाल फडके घेऊन उभे होते. म्हशी रस्ता ओलांडताना सर्वांनी थांबायचे, अशी तेथली पद्धत आहे. चाळीस म्हशी होत्या. "म्हशींका काय घाई नाय," असे सासरे म्हणाले. अर्जदाराचा चहा पिऊन होईपर्यंत शेवटची म्हैस रस्त्यातच उभी होती. पाणी प्यायला जाणाऱ्या म्हशी त्याच रस्त्याने परतही येताना अर्जदाराने प्रथमच पाहिल्या. सासरे कर्तव्यदक्ष सेवक आहेत. त्यांच्याविरुद्ध काही नाही. शर्यत अपूर्ण.

५. या काळात अर्जदाराने इतर मार्ग चोखाळले नाहीत असे नाही. चिटणीस श्री. साळसकर यांनी ऐकून घेतले व उत्तर दिले, "तू बायको बदल, नाहीतर खेळ बदल. रस्ता बदलायचा नाही, पोरं उपाशी मरतील." पत्नीला आईशी बोलण्याची विनंती केली असता ती म्हणाली, "अहो, माझ्या आईच्या दारावरून घंटी वाजवत निघून गेलात ना, तर दिंडोशीला येऊच नका. तिकडेच पवईला बिऱ्हाड करा." तरीही दरवर्षी ती स्वतःच क्षमाला घेऊन, बसने, हातात कोरडा टॉवेल घेऊन शेवटच्या रेषेशी उभी राहते. हे दोन्ही एकाच बाईला कसे जमते, हे अर्जदाराला सांगता येणार नाही.

६. अर्जदाराला नंबर नको आहे. रेषा ओलांडणाऱ्या प्रत्येकाला, मग तो शेवटचा का असेना, मंडळ एक प्रमाणपत्र देते. त्यासाठी अर्जदाराने १९८३ साली भिंतीत खिळा ठोकला. आज त्यावर पिठाची चाळण आहे. क्षमाने पहिलीच्या परीक्षेत 'माझे बाबा' या विषयावर लिहिले : "माझे बाबा शर्यतीत जातात आणि आजीकडे पोहोचतात." बाईंनी दहापैकी नऊ दिले. आणि मंडळाच्या नियमानुसार पस्तीस पूर्ण झालेल्या सभासदास शर्यतीत घेत नाहीत. त्याला शिट्टी देऊन टेबलापाशी बसवतात. अर्जदाराला दि. ३ जून रोजी पस्तीस पूर्ण होतात. म्हणजे ही शेवटची संधी.

७. म्हणून गतवर्षी संदर्भ क्र. १ चा अर्ज केला होता. कार्यालयाने तो रीतीप्रमाणे संबंधित रहिवाशांच्या अभिप्रायासाठी पाठवला. संबंधित रहिवासी म्हणजे सौ. रत्नप्रभा पेडणेकर. त्यांना वाचता येत नाही. क्षमा सुट्टीत आजीकडे होती आणि नुकतीच अक्षरे जुळवायला शिकली होती. तिने ओट्यावर बसून, शेजाऱ्यांच्या देखत, संपूर्ण अर्ज मोठ्याने वाचला. त्यात "सासुरवाडीचा अडथळा दूर करावा" असे वाक्य होते. जोडाक्षर नसल्याने ते तिला चांगले जमले, म्हणून तिने ते दोनदा वाचले.

सासूबाईंनी 'हरकत नाही' यावर अंगठा दिला.

८. गतवर्षी नवव्या किलोमीटरला हाक आली नाही. म्हशी नव्हत्या. दार लोटलेले होते. श्री. विद्याधर चाफेकर तेथे सायकल धरून उभे होते व "कुबल, काय केलंस रे हे," असे म्हणाले. अर्जदार चौथ्या क्रमांकावर होता. पुढे पाच किलोमीटर उतार, मग रेषा, टॉवेल, मुलगी. अर्जदार टाकीच्या पुढे सुमारे दोनशे पावले गेला. त्यानंतर काय झाले हे त्याला नीट मांडता येत नाही. ब्रेकमध्ये दोष नव्हता, चेन जागेवर होती, गव्हाचा डबाही बांधलेला होता. तरी अर्जदार उतरला, सायकल वळवली आणि चढाने परत आला.

आत स्टोव्हशेजारी चहाचा कप बशीने झाकून ठेवलेला होता. पाट मांडलेला होता. सासूबाईंनी एवढेच विचारले, "साखर बरी आसा मा?" अर्जदाराने बरी आहे असे सांगितले. शर्यत अपूर्ण. यात कोणाचाही अडथळा नव्हता, हे अर्जदार येथे लेखी कबूल करतो.

९. यंदाची अडचण अशी. येत्या १६ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो, म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलावून, पाटावर बसवून, ओवाळून तेहतीस अनारसे वाण द्यायचे. सासूबाईंनी गतवर्षीचे सारे विसरून त्यासाठी नेमका २९ मे हा दिवस धरला आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार "जावय आयतोच दारात येतलो." वाणाला, पत्नीच्या अंदाजाने, घाई न करता दीड तास लागतो. पंच दोन तासांत टेबल उचलतात.

१०. येथवर लिहिल्यावर अर्जदाराच्या ध्यानात आले, की मार्ग बदलला तरी उपयोग नाही. आपण शर्यत मुलुंडमार्गे नेली तरी अर्जदार तेथून वळून नवव्या किलोमीटरला येईल. विषय वर लिहून झाला असून शासकीय कागदावर खाडाखोड चालत नाही. तरी विषय तसाच ठेवून मागणी पुढीलप्रमाणे वाचावी :

शर्यतीचा मार्ग आहे तसाच राहू द्यावा. फक्त चुन्याची शेवटची रेषा पवईकडील फाटकाऐवजी सौ. रत्नप्रभा पेडणेकर यांच्या दारात मारण्यास परवानगी मिळावी.

११. यामुळे शर्यत पाच किलोमीटरने कमी होते. परंतु तो सगळा उतार आहे, तेथे कोणाचे कौशल्य दिसत नाही. बावीस स्पर्धकांनी लेखी संमती दिली आहे, त्यापैकी एकवीस जणांनी अनारशांच्या अटीवर. श्री. साळसकर यांनी आधी "वाट लागली मंडळाची" असे म्हटले, पण सही केली. टेबल उचलण्याचा प्रश्न उरत नाही, कारण पंचांना जेवायला थांबवले आहे. सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "रेघ खंयव मारा, पण रांगोळेच्या भायर मारा." सबब रेषा रांगोळीपासून दोन हात अलीकडे असावी.

१२. शेवटची एक बाब, आणि ती अर्जदाराच्या हाताबाहेरची आहे. सासूबाईंना सवय अशी, की जावई चढावर दिसला की त्या पाण्याचा तांब्या घेऊन वळणापर्यंत सामोऱ्या येतात. तसे यंदा झाल्यास अर्जदार वळणावरच उतरेल, पाय धुईल, आणि रेषा पंधरा पावलांवर असताना पुन्हा अपूर्ण राहील. त्याची त्याला खात्री आहे. तरी त्या दिवशी त्यांनी रेषेच्या पलीकडे उभे राहून वाट पाहावी, असे एक पत्र आपल्या सहीशिक्क्याने त्यांना द्यावे. अर्जदाराच्याने हे त्यांना सांगवत नाही. गतवर्षीनंतर तर मुळीच नाही.

पत्राची भाषा कृपया मऊ असावी व अक्षर मोठे असावे. ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचणार क्षमा आहे. ती आता दुसरीत जाणार असून तिला जोडाक्षरेही येतात.

आपला नम्र,
आणि आजवर पाच वेळा नवव्या किलोमीटरला उतरलेला,

(सही)
चंद्रप्रकाश सीताराम कुबल

दिंडोशी, दि. १० मे १९८८

सोबत :
१) जन्मतारखेचा दाखला, खरी प्रत.
२) नवव्या किलोमीटरचा नकाशा, ओटा, टाकी, रांगोळी व वळण दाखवून.
३) बावीस स्पर्धकांची संमती.
४) अनारसे, नग सहा, नमुन्यादाखल. हा अर्ज सासरे श्री. गुणाजी यांच्याच हस्ते पाठवत आहे. त्यांना मजकूर ठाऊक नाही. अनारसे मात्र ठाऊक आहेत. नग कमी भरल्यास अर्ज अपूर्ण समजू नये, ही विनंती.